लोरेनबाईंचा प्लेबॅक

अमेरिकेतल्या श्रूजबरीत उत्तराकाकूंच्या शेजारी लोरेनबाई राहतात. वय त्र्याण्णव, पण ठसका अजून कायम. काकू रिटायर झालेल्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या. दोघींचा दुपारचा चहा सहसा चुकत नाही.

परवा टीव्हीवर हॉलिवूडचा जुना, नाचगाण्यांचा सिनेमा लागला होता. काकूंनी सहज विचारलं, ‘‘हिला प्लेबॅक कुणी दिलाय?’’

आता आपल्याकडे हा प्रश्न शेंबडं पोरही विचारतं! पण तिकडची भाबडी माणसं, नटीचे ओठ हलले की तीच गातेय समजतात. लोरेनबाईंनी कप खाली ठेवला. सत्तर वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

‘‘मी,’’ त्या म्हणाल्या.

मग काय, सगळं भडाभडा बाहेर आलं. दहाव्या वर्षी जवळच्याच वूस्टर शहरातल्या रेडिओवर साबणाच्या जाहिराती गायल्या, सोळाव्या वर्षी दर शनिवारी बँडबरोबर. तिथून हॉलिवूडच्या स्टुडिओने उचललं. तीन सिनेमे, तीन नट्या, गळा एकच. नाव कुठेही नाही. उलट कुणाला सांगणार नाही, असं लिहून घेतलेलं. बाईंनी तो शब्द इतका पाळला, की बायको स्टुडिओत टायपिस्ट होती याच समजुतीत नवरा गेला बिचारा. दूर कॅरी गावात राहणाऱ्या लेकीला, नॅन्सीला, तर काहीच पत्ता नव्हता.

काकू भडकल्याच. स्टुडिओ बुडाला, नट्या गेल्या, आता काय फासावर चढवणार आहेत का तुम्हाला? आपला आवाज दुसरीच्या नावावर ठेवून डोळे मिटणार? लोरेनबाईंनाही तेच खात होतं. पण लेक म्हणेल, म्हातारीला भ्रम झालाय, ही भीती मोठी होती.

शेवटी काकूंनीच फोन लावला, स्पीकरवर. बाईंनी अडखळत सगळं सांगितलं. काकू फोनजवळ सरकल्या. उगीच भरीस घातलं की काय आपण?

‘‘मॉम, म्हणून तू घरात कधी गायली नाहीस?’’

‘‘तू तो सिनेमा सारखी बघायचीस गं. आवाज ओळखला असतास.’’

‘‘मला वाटायचं, तुला माझ्यासाठी गावंसंच वाटत नाही.’’

लोरेनबाईंनी घसा खाकरला. आवाज चिरकत होता, सूर मात्र जिथल्या तिथे. पासष्ट वर्षांच्या लेकीसाठी त्यांनी पहिल्यांदा अंगाई म्हटली.