पाय धुऊन यावे

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, म्हणून. त्याची सूचना लिहून फळ्यावर लावायचं काम कमिटीचा सेक्रेटरी म्हणून माझं. तिच्यातली शेवटची ओळ मी वर्षानुवर्षं न चुकता लिहीत आलो: 'ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनी पाय स्वच्छ धुऊन यावे.' धुवायचे पाय धुऊन आणायचे. हे वाचून आजवर कोणी हसलं नाही. उलट लोक मनावर घेतात. दिग्रसला एप्रिलात रस्त्यावरची धूळ पोटऱ्यांपर्यंत चढते, पण त्या संध्याकाळी वेदीसमोरच्या बारा खुर्च्यांखाली चोवीस पाय असे चकचकीत, की हे लोक चालत आले की उचलून आणले, असा प्रश्न पडावा. कोणी दगडाने टाचा घासतं, कोणी क्रीम चोळतं. मागच्या वर्षी एका बाईंनी ताजं नेलपॉलिश लावलं होतं. पाळकसाहेब कोमट पाण्यात गुलाबपाणी घालतात, प्रत्येक पायावर तांब्याभर ओततात, फोटोपुरते थांबतात आणि सेवेवर अर्धा तास बोलतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मला याचा वीट आला आहे. पण सगळ्यात जास्त किळस मला माझी येते, आणि ती एका म्हाताऱ्या नर्सबाईंमुळे.

त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात झाली, पण तो दवाखाना बंद पडल्यावरही त्यांची नोकरी काही सुटली नाही. आजूबाजूच्या तांड्यांवर बाळंतपणं, गावात कोणाच्या जखमा, कोणाच्या म्हाताऱ्याचं अंग पुसणं. माझी आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊन आतलं मांस दिसायला लागलं होतं. सिस्टरबाई रोज सकाळी येत आणि त्या जखमा धूत. मी पोटचा मुलगा, दाराबाहेर नाकाला रुमाल लावून उभा असे. "तुमचे उपकार कसे फेडू" असं रोज म्हणत असे, म्हणायला काही लागत नव्हतं म्हणून. त्या म्हणायच्या, "बाबू, तू बाहेरच राह्य. तुले नाई जमत."

मागच्या वर्षी त्यांच्याच उजव्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना, त्यात लक्ष दुसऱ्यांच्या पायांकडे. बोटं काळी पडली. पवित्र आठवड्याच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं. पायाला फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. वास येऊ नये म्हणून. तरी येतच होता.

"बाबू, औंदा मले बसव त्या बारात," त्या म्हणाल्या. "ईस्टर झाला का सोमवारी यवतमाळले पाय कापून टाकतेत. जायच्या आंधी एक डाव देवाच्या घरात धुतल्या गेला पाह्यजे. लय चालला बिचारा."

त्यांनी मंडळीत कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे पहिलंच.

"यादी झाली हो सिस्टरबाई," मी म्हणालो. "आधी सांगायचं ना."

यादी झाली नव्हती. अकरा नावं होती. मला दिसत होतं ते एवढंच: पाळकसाहेब वाकले आहेत, पिशवी सुटते आहे, पुढच्या रांगेतल्या बाया नाकाला पदर लावून उठताहेत, आणि सगळे मला विचारताहेत की हिला कोणी बसवलं. घरी जाऊन बारावं नाव मी माझंच लिहिलं.

गुरुवारी मी साबणाने पाय धुऊन गेलो. सिस्टरबाई शेवटच्या बाकावर पिशवी बांधलेला पाय बाकाखाली ओढून बसल्या होत्या. त्यांच्या बाकावर दुसरं कोणी नव्हतं. पाळकसाहेबांनी माझ्या पायावर गुलाबपाणी ओतलं तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असणार.

शुक्रवारचा दिवस कसाबसा काढला. शनिवारी सकाळी राहवेना. सोमवारच्या आधी भरती व्हायचं म्हणून दुपारच्या एसटीने त्या यवतमाळला निघणार होत्या. चर्चमधली पाय धुवायची परात, तोच तांब्या, एक टॉवेल आणि घरचं कोमट पाणी बादलीत घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. "सिस्टरबाई, मी धुतो," म्हणालो. यादीचं खरं काय ते मात्र बोललो नाही.

त्या खाटेवर बसल्या आणि पाय पुढे केला. चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. त्या किती खूश झाल्या होत्या ते मी पाहिलं आहे, त्यामुळे पुढचं सांगणं जड जातं.

मी पिशवी सोडली. फडक्याचा पहिला वेढा सुटला, दुसरा सुटला. तिसरा जखमेला चिकटला होता.

"नाकानं श्वास नको घेऊ, तोंडानं घे," त्या म्हणाल्या. "पाणी टाकून ओला कर, मंग सुटते."

मी पाणी टाकलं. फडकं सुटलं आणि वास वर आला. मी उठून दारापर्यंतही पोचलो नाही. सकाळचा चहा, पोहे, सगळं उलटलं, उंबऱ्याच्या अलीकडेच, फरशीवर आणि माझ्या स्वतःच्या पायांवर.

मी भिंतीला धरून उभा होतो. मागे खाट करकरली. त्या एका पायावर भार देत आल्या, दंडाला धरून मला खाटेवर बसवलं, परात माझ्यासमोर ओढली आणि खाली बसल्या. उघडी जखम तशीच फरशीवर. तांब्याने पाणी घेऊन माझ्या पायांवर ओतलं. बोटांच्या सापटीतलं सगळं हाताने काढलं, टाचा चोळल्या, मी आणलेल्या टॉवेलने पुसलं. घाई नाही, तोंड वाकडं करणं नाही.

"सिस्टरबाई, नका," मी म्हणालो. पाय मात्र मागे घेतला नाही.

"काहून रडतं बाबू? पह्यल्या खेपेले मलेही असंच झालतं," त्या म्हणाल्या.

बादलीतलं पाणी संपलं होतं. मी पुन्हा भरून आणतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, गाडी चुकेल. त्यांनी स्वतःच्या पायाला कोरडं फडकं गुंडाळलं, वरून पिशवी बांधली. स्टँडवर मी त्यांची थैली खिडकीतून आत दिली. माझे पाय त्या आठवड्यात दोनदा धुतले गेले होते. त्यांचा पाय न धुताच गेला.