लालासाबचा अंगठा

शाहूपुरीच्या गुळाच्या बाजारात अडत्यांच्या सह्या चालत आणि बाजाराच्या तोंडाशी चहाचं दुकान चालवणाऱ्या लालासाबचा अंगठा चालत असे. सही त्याला येत नव्हती. शाळेच्या वाटेला तो कधी गेलाच नाही. पण माणूस असा सरळ, की चहा पातळ झाला तर गिऱ्हाइकानं बोलायच्या आधीच हा पैसे परत करायचा.

चौऱ्याहत्तर साली चिल्लर अशी काही गडप झाली, की भिकाऱ्याकडं सुट्टे मागायची पाळी आली. चहा वीस पैशांचा आणि हमालाच्या हातात रुपयाची नोट. ऐंशी पैसे आणायचे कुठून? लालासाबनं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि शाई लावून डावा अंगठा उठवला. एक चिठ्ठी दहा पैशांची. पुन्हा याल तेव्हा दोन चिठ्ठ्या द्या, चहा प्या. त्याच्या अंगठ्यावर विळीची जुनी आडवी खूण होती, त्यामुळं नक्कल करायची सोय नव्हती.

महिन्याभरात पानवाला ती चिठ्ठी घेऊ लागला, मग न्हावी, मग भाजीवाली. कागदी पैसा जगात पहिल्यांदा कुठं निघाला ते विद्वानांनी सांगावं. शाहूपुरीत तो बिस्किटाच्या खोक्यातून निघाला.

"आपुन काय राजं हाय व्हय नोटा काढाय?" त्याची बायको लालबी एकदा कपबश्या विसळताना म्हणाली. लालासाब हसला. इथंच त्याची गाडी घसरली. चिठ्ठ्या बाजारात फिरायच्या, चहाला परत फारशा यायच्याच नाहीत, आणि गल्ल्यात नोटा साठायच्या. त्या नोटा आपल्याच, असं त्याला वाटायला लागलं. बाहेर फिरणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीमागं आपण अर्धा कप चहा देणं लागतो, हे तो साफ विसरला. त्यानं पाणी तापवायला नवाकोरा तांब्याचा बंब घेतला.

मग दुधाचे पैसे द्यायची वेळ आली तर गल्ल्यात खडखडाट. दूध घालणारे हंबीरराव दारात उभे. लालासाब आत गेला, पुठ्ठा कापला, अंगठे उठवले आणि साडेसात रुपयांच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात ठेवल्या. हंबीररावांनी त्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खजिना आटला की भल्याभल्या राजांनीही हेच केलं म्हणतात. पण राजाकडं निदान शिपाई तरी असतात.

अकराव्या दिवशी सकाळी आठाला, सौदे सुरू व्हायच्या आधी, हंबीरराव आले ते दुधाच्या किटलीबरोबर कापडी पिशवी घेऊन. दुकान हमालांनी भरलेलं होतं.

"लालाभाई, वैरणवाला ह्ये घेत न्हाय म्हणतोय. म्हणतोय, ह्यो आंगटा आता लईच दिसाय लागलाय. पंच्याहत्तर रुपयं हायत. रोख द्या."

हमालांचे हात आपापल्या खिशांकडं गेले. त्यांचा मुकादम आकाराम पुढं सरकला. "माझं बी बगून घे की, लालाभाई."

गल्ल्यात अकरा रुपये होते. दुकान, नाव, वीस वर्षांची चूल, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. 'सांजच्याला या' एवढंच म्हटलं असतं तरी सकाळ निघून गेली असती. ते शब्द लालासाबच्या ओठांवर आलेही होते. पण समोर लालबी ओले हात घेऊन त्याच्याकडंच बघत होती.

"हंबीरराव, आंगटा माजाच हाय," तो म्हणाला. "पर तुमच्या चिठ्ठ्यांमागं काय बी न्हाय. बंब घेतला, गल्ला मोकळा झाला, तवा पुठ्ठा कापून तुमच्या हातावर ठिवला. चूक माजी."

हंबीररावांनी बंबाकडं पाहिलं. "मग बंब देताय?"

"न्या," लालासाबच्या आधी लालबीच म्हणाली, आणि तिनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

पण बंब एवढा तापलेला, की हात लावायची सोय नव्हती. तो निवेपर्यंत हंबीररावांना थांबणं भाग पडलं. बाकीचे चिठ्ठ्या हातात धरून रांगेला लागले. लालासाबनं अकरा रुपये हंबीररावांपुढं ठेवले. "आजचं दूध रोखीनं." हंबीररावांनी रुपये मोजून घेतले आणि सगळी किटली रिकामी केली.

मग चुलीवर पातेलं चढलं. पानवाला आला, न्हावी आला, भाजीवाली सगळ्या चिठ्ठ्या ओच्यात बांधून आली. चिठ्ठ्या संपवायच्या म्हणून लोक पाच-पाच कप घशाखाली ढकलत होते. दुपारी साखर संपली. रांगेत अजून बारा माणसं होती. त्यानं गुळाचा खडा फोडला, आणि दूध फाटू नये म्हणून पातेलं खाली उतरवून तो चहात घातला. पहिला कप त्यानं आकारामला दिला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. आकारामनं बशी रिकामी केली आणि मिशी पुसली. रांग पुढं सरकली.

दिवस कलताना, असराच्या नमाजाआधी शेवटची चिठ्ठी परत आली. दुधाचा थेंब उरला नव्हता. हंबीररावांनी चिठ्ठ्यांची पिशवी तिथंच ठेवून बंब कधीच नेला होता. सगळा पुठ्ठा चुलीत घालून लालासाब नमाजाला गेला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येईल अशी त्याला आशा नव्हती. दुकान उघडलं ते निव्वळ सवयीनं. आकाराम आला, चहा प्याला आणि रुपयाची नोट पुढं केली.

"सुट्टं न्हाय," लालासाब म्हणाला. "आनि आता चिठ्ठी बी न्हाय."

"मागितली का म्या? ऐंशी पैसं तुज्याकडं ऱ्हाऊ देत."

"मला लिवून ठिवाय येत न्हाय, आकाराम."

"मला तरी कुटं वाचाय येतंय? ध्यानात ठेव."

त्याच्या मागं आणखी चौघं उभे होते, नोटा हातात धरून. लालासाबनं ती नोट घेतली, 'आकाराम, चार कप,' असं स्वतःशी दोनदा घोकलं आणि मग पुढच्यासाठी कप भरला.