कानामात्रेचा हट्ट

आमच्या यांचं नाव एकदाच घेते, शरदचंद्र, म्हणजे पुढे घोटाळा नको. दिवसा परळच्या एका गिरणीत कारकून. कचेरी सुटली की लालबागच्या चाळीत कामगारांना घेऊन नाटकं बसवायची, त्यातली गाणीही स्वतःच लिहायची. तिथे यांना सगळे मास्तर म्हणत. गिरगावातले आमचे नातेवाईक नाकं मुरडत, प्रभूंच्या घरातला मुलगा हे काय थेर करतो म्हणून. मीही कमी बोलले नाही. मी कोलंबीचं भानोलं करून जेवायला वाट बघत बसावं आणि हे तिकडे कुणाच्या तरी खोलीत भाकरी खाऊन यायचे. राग येणार नाही तर काय!

एरवी माणूस गरीब गाय, पण तालमीत जमदग्नी. लिहिलेल्याचा काना इकडचा तिकडे झालेला खपायचा नाही.

पंचावन्नच्या गणपतीत त्यांनी जे नाटक बसवलं, त्यात मुलगा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला निघतो आणि आई त्याला गाण्यातून निरोप देते. आईचं काम रघूकडे होतं. रघू मालवणकडचा, गिरणीत साच्यावर कापड विणायला. मिसरूड नुकतंच फुटलेलं, पण लुगडं नेसून उभा राहिला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. गाण्याची ओळ होती, ‘जा रे बाळा, मागे वळून पाहू नको.’ रघूच्या तोंडून दर वेळी निघायचं, ‘जा रे बाळा, दोन घास खाऊन जा.’ सगळी तालीम हसायची. एकदा मी बघायला गेले तेव्हाही तेच झालं, मलाही हसू आवरेना. हे मात्र भडकले. म्हणाले, “लढ्याला निघालाय तो, पंगतीला नाही.” बिचाऱ्यानं मान खाली घातली आणि प्रयोगात ओळ अचूक म्हटली.

गाणं लोकांनी उचललं. मोर्च्यांत ते ऐकू यायला लागलं आणि यांची छाती फुगली. मीही नातेवाइकांना दोन शब्द ऐकवून घेतले, खोटं कशाला बोलू.

मग जानेवारीत मुंबई पेटली. रघू सकाळीच तेच गाणं म्हणत मोर्च्याबरोबर गेला आणि गोळीबारात गेला. त्याची आई, शेवंताबाई, आम्ही भेटायला गेलो तेव्हा एकच सांगत राहिली. तव्यावर भाकरी होती, थांब म्हटलं, तर आल्यावर खातो म्हणाला.

त्या दिवसापासून यांनी लेखणी ठेवली, तालमी बंद केल्या. माझ्या शब्दांनी पोर गेलं, एवढंच म्हणायचे. मी समजावलं, भांडले. गोळी झाडणारे मोकळे आणि तुम्ही कशाला स्वतःला फासावर देता, असंही विचारलं. भिंतीशी बोलल्यासारखं! चाळीतली माणसं यायची, हे त्यांना दारातूनच परत पाठवायचे. ज्या नाटकांना मी शिव्या घातल्या, त्यांच्यासाठीच देव पाण्यात घालून बसले. मुका माणूस घरात सांभाळणं फार जड असतं.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीत सत्यनारायण घातला आणि बोलवायला शेवंताबाई स्वतः गिरगावात आमच्या घरी आल्या. त्यांना नाही कसं म्हणणार? गेलो. आरती झाल्यावर बायकांनी तेच गाणं धरलं. हे उठायला लागले, तसं मी सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. शेवंताबाई पुढे म्हणत होत्या, बाकीच्या मागून. ओळ आली.

‘जा रे बाळा, दोन घास खाऊन जा.’

सगळ्या बायकांनी ती तशीच उचलली. चार वर्षं चाळ असंच म्हणत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. यांचा चेहरा बघून शेवंताबाई थांबल्या.

“मास्तरानू, चुकलां काय? रघू घरात असांच म्हणी.”

हे म्हणाले, “नाही, शेवंताबाई. चुकलं माझं. असंच म्हणा.” आणि एवढ्या माणसांत हा माणूस ओक्साबोक्शी रडला. मीही रडले. रघू गेला तेव्हा ते रडले नव्हते.

पुढच्याच महिन्यात तालमी पुन्हा सुरू झाल्या. नाटकं बरीच बसवली, गाणं मात्र त्यांनी परत लिहिलं नाही. मी पुष्कळ मागे लागले, पण नाहीच. आरडाओरडाही गेला. तालमीला कुणी उशिरा आलं तरी रागवायचे नाहीत, दारातच विचारायचे, “जेवून आलास का रे?”