एकात एक अडकलेले दोन ग्लास

स्टीलचे पेले धुतले की एकात एक घालून ठेवायचे, ही माझी चाळीस वर्षांची सवय. निपाणीहून लग्न होऊन यशवंतपूरला आले तेव्हा स्वयंपाकघर एवढंसं, जागा कुठली? ती सवय मला एकदाच नडली, आणि तीही लेकीच्या परीक्षेच्या दिवशी.

लेक बेळ्ळंदूरला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हिचीही नोकरी गेली. दोन महिने घरी बसली आणि एके दिवशी म्हणाली, "आई, मी बारटेंडिंग शिकतेय." मी भाजी निवडत होते, ती निवडतच राहिले. ओरडले नाही, पण बरं झालं असंही म्हटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांनी विचारलं की मी सांगायची, "घरूनच काम करते हो."

घरात मात्र ग्लास येऊ लागले. आणि काय एकेक तऱ्हा! सरावाला गिऱ्हाईक हवं, तर ती मीच. ओट्याशी स्टूल ठेवून बसवायची मला. दारू नाही हं, कोकमाचं सरबत नाहीतर कोरा चहा.

"मॅडम, काय घेणार?"

"गरम असेल ते काहीही."

"आई! बारमध्ये गरम नसतं."

"मग चालायचा नाही तुमचा बार."

लांब दांड्याचा, उलट्या छत्रीसारखा ग्लास म्हणजे मार्टिनीचा. मी तो वाटीसारखा तळहातावर घेतला, तर तिनं माझी बोटं सोडवून दांड्यावर ठेवली. "यात बर्फ नसतो, आई. पेय आधीच गार केलेलं असतं. तुझ्या हातानं ते कोमट होईल." हे मला लगेच पटलं. फिल्टर कॉफीचा पेला आपण कडेला धरतो तो हात भाजू नये म्हणून. इथं आपल्या हातापासून पेयाला जपायचं. जाड बुडाचा बुटका ग्लास मात्र मुठीत धरला तरी चालतो, त्यात बर्फाचा मोठा खडा असतो. उंच सरळ ग्लास सोड्याचा. तोंड लहान, म्हणून फसफस लवकर उडून जात नाही. आणि कुठलाही ग्लास देताना वरच्या कडेला बोट लावायचं नाही, तिथं माणसाचे ओठ लागणार. हे तर माझ्या आईनं मला पाहुण्यांना पाणी द्यायला शिकवताना सांगितलं होतं. पण तसं मी लेकीला बोलले नाही. का, कोण जाणे.

मग एका हॉटेलानं तिला बोलावलं. दुपारी दोनला जायचं आणि स्वतःचं एक पेय दोघांना करून दाखवायचं, आपल्याच ग्लासांत. तिनं कोकम, आलं, सोडा आणि कसलीशी दारू असं काहीतरी बसवलं होतं. त्यासाठी पातळ काचेचे दोनच उंच ग्लास आणले होते. बर्फ किती, सोडा किती, सगळं माप त्या ग्लासांचं. सकाळी शेवटचा सराव करून ती आंघोळीला गेली. मी आपली मदत म्हणून ते दोन्ही धुतले आणि... हो, एकात एक घातले.

ती बाहेर आली. ओढून बघितलं, फिरवून बघितलं. घट्ट बसलेले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मी जायलाच नकोय ना तुला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. मुद्दाम केलं नव्हतं मी, देवाशपथ. पण "जा बाई, चांगलं काम आहे" एवढंही मी इतक्या दिवसांत म्हटलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"ओढू नकोस, फुटेल," मी म्हटलं. "पेले अडकले की मी करते तसं करू. इकडं आण."

पातेल्यात कोमट पाणी घेतलं. उकळतं नाही, काच तडकते. बाहेरचा ग्लास त्यात उभा केला आणि आतल्यात बर्फाचं पाणी भरलं. ती सारखी घड्याळाकडं बघायची.

"निघत नाहीये, आई."

"स्वल्प थांब गं. तुला जायचंय, माहीत आहे मला. जायलाच हवं."

थोड्या वेळानं आतला ग्लास धरून जरासा फिरवला, तर अलगद हातात आला. तिनं दोन्ही उजेडात धरून पाहिले. ओरखडासुद्धा नाही. मी जुन्या सुती साडीचे दोन तुकडे फाडले आणि दोन ग्लास वेगवेगळे गुंडाळून दिले.

सोडायला खाली गेले तर अक्का फाटकाशीच. "काय हो, मुलगी ऑफिसला?" त्यांनी विचारलं.

"ऑफिस नाही हो. कॉकटेल करायची परीक्षा आहे तिची, हॉटेलात."

"म्हणजे दारूचं?"

"दारूचंच. ग्लास कसा धरायचा, ते संध्याकाळी या, शिकवते तुम्हाला."

"सरी," अक्कांनी मान डोलावली, "येते की!"

लेकीचा एक पाय रिक्षात होता. तिनं मागं वळून पाहिलं आणि दोन हातांत दोन गुंडाळ्या एकमेकींपासून लांब लांब धरून दाखवल्या मला. हसत होती.

संध्याकाळी फोन आला, "आई, सोमवारपासून ये म्हणाले." तेव्हा अक्का आमच्या ओट्याशी स्टुलावर बसल्या होत्या, कोकम पीत. मार्टिनीचा ग्लास दोन्ही तळहातांत धरून.

"दांड्याला धरा हो अक्का," मी फोन कानाला धरूनच ओरडले, "दांड्याला!"