आलिदाची तारीख

माझी नणंद आलिदा कुत्र्यांचे फोटो काढते. तीस वर्षं झाली. आमच्या डच मुलखात, ड्रेंथच्या माळावर एकसष्ट वर्षांची बाई चिखलात पालथी पडून बदकासारखी ओरडताना दिसली, तर सायकलवाले थांबतसुद्धा नाहीत. समोरचा कुत्रा कान टवकारतो आणि तिचं काम होतं.

तिचं सगळं वर्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बसवलेलं असतं. पांढरी कुत्री फेब्रुवारीच्या धुक्यात. तपकिरी मे महिन्यात, बीचच्या झाडांना कोवळी पानं फुटली की. तांबडी ऑक्टोबरच्या पानगळीत. आणि काळी कुत्री ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, हेदरची झुडपं फुलून माळ जांभळा झाला की, तेही ढगाळ सकाळी. उन्हात काळं कुत्रं म्हणजे कोळशाचा ढीग, असं तिचं म्हणणं. एकदा तारीख दिली की राजा आला तरी बदलायची नाही.

रूलोफ हा आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून घरात तो आणि त्याचा काळा कुत्रा, सीप. फेब्रुवारीत त्याला तारीख मिळाली, वीस ऑगस्ट. जुलैच्या सुरुवातीला बघते तर तो सीपला हातगाडीत बसवून फिरवत होता.

"काय झालं रे याला?"

"पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन आठवडे."

"अरे, मग आलिदाला सांग की, तारीख अलीकडे घे म्हणून."

"ठरलंय ते ठरलंय," तो म्हणाला. "तिच्याकडे बाकीची माणसंही रांगेत असतात."

आमच्याकडे माणूस मरायला टेकला तरी ठरलेली वेळ मोडणार नाही. मला त्याचा राग आला. तशीच आलिदाकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती कॅलेंडरकडेच बघत राहिली.

"आत्ता माळ म्हणजे जुना खराटा," ती म्हणाली. "कळीसुद्धा नाही. वर भुरभुर पाऊस. काळा कुत्रा, मागं मातकट, वर राखाडी. दिसणार काय त्यात?"

"कुत्रा दिसेल," मी म्हटलं.

तिनं कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि गाडीची किल्ली घेतली.

रूलोफ आधी यायलाच तयार नव्हता. "आज माझी वेळ नाही," म्हणे. मी हातगाडीच ढकलायला घेतली, तेव्हा निमूट मागून आला. माळावर सीप जेमतेम बसला. आलिदा ओल्या गवतात पालथी पडली, पण बदक काही ओरडलं नाही. सीप मान वर करून रूलोफकडेच बघत होता. एरवी ती मालकांना चौकटीबाहेर हाकलते, पोटं आत ओढून फोटो बिघडवतात म्हणून. त्या दिवशी तिनं रूलोफला हाकललं नाही. अर्ध्या तासात आम्ही तिघंही चिंब भिजलो.

आठ दिवसांनी सीप गेला.

फोटो न्यायला रूलोफ आला तेव्हा आलिदा आधीच सारवासारव करू लागली. असं कधी मी तिला पाहिलं नव्हतं.

"रंग नाही रे यात. चूक माझी. हेदरमध्ये त्याचा फोटो व्हायला हवा होता."

रूलोफनं चष्मा पुसला आणि एकेक फोटो सावकाश पाहिला.

"हेदरमध्ये?" तो म्हणाला. "ऑगस्टात आम्ही माळावर कधी गेलोच नाही. बघ्यांची जत्रा असते. सीपला गर्दी सोसायची नाही."

"मग फेब्रुवारीत बोलला का नाहीस?"

"तू तारीख दिलीस, मी वहीत लिहिली."

आलिदा खुर्चीवर बसली. तिला लागलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. तीस वर्षांत तिनं कुठल्याही मालकाला जे विचारलं नव्हतं, ते तिनं तेव्हा विचारलं.

"तुम्ही दोघं कधी जायचात?"

रूलोफनं वरचा फोटो तिच्याकडे फिरवला.

"अशाच दिवशी. पाऊस असला की माळावर आम्ही दोघंच."