आत्याबाईंसाठी घेतलेली गाडी

माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या घसरल्या. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी बजावलं की आठवड्यातून तीनदा वाशीला आणून व्यायाम करून घ्या, नाहीतर पाय कायमचा आखडेल.

आमचं घर जुन्या पनवेलमध्ये, तळ्याच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांचं सिमेंट आणि लोखंडाचं दुकान होतं. नवीन पनवेलमध्ये तेव्हा जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे दुकान जोरात होतं. घरात एक फियाट होती, पण ती सकाळी सासरे आणि माझा नवरा दुकानाला घेऊन जायचे, ती दिवे लागल्यावरच परत यायची. म्हणून दुसरी गाडी घ्यायचं ठरलं. पैसे आत्याबाईंचेच. गव्हाणला त्यांच्या नवऱ्याची जमीन होती, ती विकून आलेले पैसे त्यांनी विश्वासाने भावाकडे ठेवले होते. त्या विधवा, मूलबाळ नाही, पंचवीस वर्षं आमच्याच घरात राहत होत्या.

"मला एखादी बसकी गाडी घ्या रे," त्या पलंगावरून म्हणाल्या. "पाय उचलत नाही माझा. नवी नको, जुनी चालेल."

"तुझ्यासाठीच घ्यायची आहे ना, आक्का? तू म्हणशील तशी घेऊ," सासरे म्हणाले.

आत्याबाई आणि मी, आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. माझा चहा त्या रोज परत पाठवायच्या. ते मी सोसत होते. पण लग्नानंतर चार महिन्यांनी माझी आई महाडहून एस.टी.ने मला भेटायला आली. येताना तिने स्वतः वाळवलेली फणसपोळी आणि कोकमं आणली होती. घरात सासूबाई होत्या, पाहुणे होते. सगळ्यांसमोर आत्याबाईंनी पिशवी उघडली, एक पोळी दोन बोटांनी वर धरली आणि विचारलं, "हे तुमच्याकडे गुरांना घालतात ना हो?" पाहुणे हसले. माझी आईसुद्धा हसली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. त्यानंतर ती पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. काही ना काही कारण सांगायची.

पहिल्यांदा आम्हाला एका शिक्षकांची व्हॅन मिळाली, सरकत्या दाराची, तीन वर्षं वापरलेली. ते स्वतः ती दारात घेऊन आले. आत्याबाई काठी टेकत गेल्या, आधी बसल्या आणि मग दोन्ही हातांनी आपला पाय उचलून आत घेतला. कुणाला हात लावावा लागला नाही. शिक्षकांनी त्यांना तळ्याला एक चक्कर मारून आणली. उतरल्या तेव्हा चेहरा असा खुलला होता, की मी तो तसा कधीच पाहिला नव्हता. "हीच घ्या," म्हणाल्या.

शिक्षक गेल्यावर सासरे म्हणाले, "ही भाजीवाल्यांची गाडी झाली. हिच्यात कोथिंबीर शोभेल."

खरं कारण वेगळं होतं, ते मला माझ्या नवऱ्याने सांगितलं. महिनाभरापूर्वी एक बिल्डर दुकानासमोर मोठी परदेशी जीप घेऊन आला होता. तो खाली उतरलाच नाही. वर बसूनच त्याने काच खाली केली आणि सिमेंटचे भाव विचारले. सासरे रस्त्यावर उभे राहून, मान वर करून त्याच्याशी बोलले. हमालांनी ते पाहिलं. तेव्हापासून सासऱ्यांच्या डोक्यात तीच उंची बसली होती.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. रोज दुपारी जेवण झालं की सासरे माझ्यापुढे वर्तमानपत्र टाकायचे. मी छोट्या जाहिराती वाचून दाखवायची. गाड्यांची पंधरा-वीस वर्णनं मी त्यांना वाचून दाखवली असतील, पण ज्या दिवशी 'परदेशी जीप, चार चाकांना जोर, वातानुकूलित, गोरे साहेब मायदेशी परतत असल्याने' अशी एक वाचली, त्या दिवशी त्यांनी कागद माझ्या हातातून ओढूनच घेतला.

तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला तो जर्मन इंजिनीअर होता. पुढच्या रविवारी सासरे, माझा नवरा, ओळखीचा एक मेकॅनिक आणि बोलायला म्हणून मी, असे आम्ही त्याच्या बंगल्यावर गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांनी मला फियाटमध्ये पुढे बसवलं होतं. "आज तू माझी सेक्रेटरी," म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

गाडी काळीभोर, धुऊनपुसून उभी. आत चामड्याच्या सीट, दाराच्या कडेला लाकडासारखी पट्टी. मेकॅनिक गाडीखाली शिरला, नवरा बॉनेट उघडून त्याच्याशी बोलत बसला. सासरे दोन्ही हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते, आणि प्रत्येक फेरीनंतर माझ्याकडे बघून मान हलवत होते.

मी मागचं दार उघडलं आणि सहज पाय टाकून पाहिला. गाडीचा तळ माझ्या गुडघ्याच्या वर येत होता. मी आत्याबाईंपेक्षा चार बोटं उंच. मी तेव्हाच सगळं ओळखलं. तरी म्हणून साहेबाला इंग्रजीत विचारलं, घरात पाय मोडलेल्या एक वयस्क बाई आहेत, त्या कशा चढतील?

तो एकदम हसला. म्हणाला, माझ्या बायकोचे गुडघे वाईट आहेत, म्हणून मी कारखान्यातच घडीची पायरी करून घेतली होती. दोन बोल्ट लावले की बसते. मागच्या खोलीत पडली आहे, गाडीबरोबर घेऊन जा, तिचे पैसे नकोत.

"काय म्हणतो?" सासऱ्यांनी विचारलं.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. पण मिळाला होता. फणसपोळी धरलेली ती दोन बोटं मला स्पष्ट दिसली.

"टायर नवे आहेत म्हणतो," मी म्हटलं.

गाडी घरी आली तो गुरुवार होता. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. अख्खी गल्ली बघायला आली. सासऱ्यांनी विचुंब्याचा एक ड्रायव्हर ठेवला होता, तो पांढरा शर्ट घालून उभा. सासरे ज्याला त्याला सांगत होते, "बहिणीसाठी घेतली. वाशीला न्यायला तिला."

आत्याबाईंना मीच तयार केलं होतं. त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं मागितलं, मी ते नेसवलं, आणि विधवा असूनही त्या दिवशी त्यांना हवा होता म्हणून अंबाड्यावर अबोलीचा गजरा घातला. त्या काठी टेकत दारात आल्या आणि गाडी बघून थांबल्या.

"ही?" त्या म्हणाल्या.

"मग! चढ आता, आक्का. टाक पाय."

त्यांनी चांगला पाय उचलला, तर दुखऱ्या पायाला भार सोसेना. दुखरा उचलला, तर तो वीतभरही वर जाईना. तीनदा प्रयत्न केला. गल्लीतल्या बायका आता बोलायच्या थांबल्या होत्या. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वैनी, म्हातारीला असं नाय जमायचं. पाट हाय का घरात?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे ओरडले, "पाट कसला शोधता? लग्न लागतंय का इथं? ए, बोलवा रे दुकानातल्या दोघांना!"

दोन हमाल आले. दोघांचेही खांदे सिमेंटने पांढरे. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. आत्याबाई ओरडल्या, "अरे थांबा, दुखतंय!" पण ते दोघे रोज गोणी चढवतात त्याच सवयीने त्यांनी "हं" केलं आणि झोका देऊन त्यांना आत लोटलं. लुगडं मांडीपर्यंत वर गेलं. गजरा पडला. कुणीतरी मागून म्हणालं, "सांभाळून, गोणी फुटेल!" आणि गल्ली हसली. सासरे हसले. माझा नवरा खाली बघून हसला.

मीही हसले. तोंडाला पदर लावला होता, पण आत्याबाईंनी सीटवर आडव्या पडल्या पडल्याच माझ्याकडे पाहिलं, आणि पदरामागे काय चाललंय ते त्यांना कळलं.

वाशीला उतरवताना तेच. परत चढवताना तेच. घरी आल्यावर पलंगावर टेकत त्या म्हणाल्या, "मी ह्या गाडीत पुन्हा बसणार नाही. ती व्हॅन बघा, अजून असेल तर."

"तुझ्यासाठी एवढी गाडी घेतली," सासरे म्हणाले, "आता तुझे नखरे. लोकांना कळलं तर काय म्हणतील? बसायचं तर बस, नाहीतर राहा घरात."

त्या राहिल्या घरात. दोन आठवडे मी त्यांना रिक्षाने गावातल्याच एका डॉक्टरकडे नेलं. रस्ते खोदलेले, प्रत्येक खड्ड्याला त्या माझा दंड आवळायच्या. मग तेही बंद झालं. जीप मात्र रोज बाहेर पडायची. दुकानाला, लग्नांना, एका रविवारी माथेरानच्या पायथ्यापर्यंत. सासरे आता बिल्डरांशी काच खाली करून बोलायचे.

तीन आठवड्यांनी, आत्याबाई ओसरीवर खुर्चीत बसलेल्या असताना, तळोज्याच्या बंगल्याचा रखवालदार टेम्पोतून आला. हातात गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी पायरी.

"साहेब गेले परदेशी," तो म्हणाला. "जाताना सांगून गेले, म्हातारीची पायरी राहिली, ती पोचती कर. बाईंना तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, पण न्यायला विसरल्या."

मी ती हातात घेतली. जड होती. रखवालदार पाणी पिऊन गेला. मीच आधी म्हटलं, "मी विसरले."

"विसरली नाहीस," त्या म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. फरक इतकाच, की मी तुझ्या तोंडावर केलं असतं."

मला वाटलं, रात्री त्या भावाला सांगणार. पण जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, "पायरी आली आहे, ती लावून घे रे गाडीला."

सासऱ्यांनी पायरी उलटसुलट करून पाहिली. "ही लावली तर गाडी बैलगाडीसारखी दिसेल," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या भंगारात गेली. म्हणजे मी तेव्हा सांगितलं असतं तरी काही झालं नसतं, असं कुणी म्हणेल. मीही तसं म्हणून पाहिलं. पण त्या पहिल्या दिवशी, हार घालायच्या आधी, पायरी दाराला असती, तर ते हमाल आले नसते हे मला माहीत आहे.

आत्याबाईंनी ती गोष्ट कधीच कुणाला सांगितली नाही. ती त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली. पाय आखडत गेला, पावसाळ्यानंतर त्या उठेनाशा झाल्या, आणि त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. भांडं देणं, पाठ पुसणं, कूस बदलणं. चहा नेला की विचारायच्या, "साखर घातली आहेस, की घालायला सांगितलेलं विसरलीस?" सासूबाई समोर असल्या तर अगदी गोड आवाजात. मी पाठ पुसताना पाणी जरा जास्तच गार घ्यायची. त्या शहारायच्या आणि तक्रार करायच्या नाहीत. आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. त्या घरात माझ्या मनातलं इतकं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

जीप दोन वर्षंही टिकली नाही. गिअरमधला कसलासा भाग गेला, तो कुठेच मिळेना. सासऱ्यांनी ती मिळेल त्या भावाला एका रिसॉर्टवाल्याला देऊन टाकली आणि मुकाट्याने फियाटमध्ये बसू लागले.

त्याच सुमारास मला मुलगी झाली. माहेरून बाळाला घेऊन आले तेव्हा आत्याबाई अगदी हाडं राहिल्या होत्या. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते तसेच पुढे धरून ठेवले.

"दे एकदा," म्हणाल्या.

"झोपली आहे ती," मी म्हटलं.

मुलगी टक्क जागी होती. पंख्याकडे बघून पाय झाडत होती. आत्याबाईंनी ते पाहिलं. हात हळूहळू खाली घेतले आणि मला म्हणाल्या, "बरं. उठली की सांग."

मी सांगितलं नाही. चार दिवसांनी पहाटे त्या गेल्या. दहाव्याला जमलेल्या बायका सासूबाईंना सांगत होत्या की अशी सून मिळायला भाग्य लागतं, दोन वर्षं हिने तोंड वाकडं न करता सगळं केलं. मी सगळ्यांच्या पाया पडले. मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, आणि जी मागेल तिच्या हातात देत होते.