गजभिये मिस्त्री आणि नायट्रसची बाटली

आमच्या गॅरेजातली जुनी चार माणसं कुठेही भेटली, लग्नात भेटोत की मयतीत, दहा मिनिटांत बोलणं गजभिये मिस्त्रींवर येतं. मी बाराएक वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर फिटर होतो, तरी दर वेळी कोणीतरी मला ठाऊक नसलेला एक किस्सा काढतोच. म्हणून म्हटलं, निदान माझ्या डोळ्यांदेखत घडलेले तरी लिहून ठेवावेत.

गॅरेज तुमसरहून चिखल्याला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाणीतलं मँगनीज वाहणारे ट्रक आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. मालकांना सगळे शेठ म्हणत. वेल्डिंगचं आणि गॅसचं काम मिस्त्रींकडे, आणि त्यांचा एक नियम होता: ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका उडायला काडी लागत नाही.

एकदा शेठ ट्रकच्या इंजिनात हात घालून काहीतरी चाचपून आले आणि तसेच सिलिंडरची चावी फिरवायला पुढे झाले.

"शेठ, हात धुऊन या," मिस्त्री म्हणाले.

शेठना असं कोणी बोलत नसे. शेठ मुकाट्याने हापशीवर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन दोन्ही पंजे मिस्त्रींसमोर धरले. "धुतले. आता?"

"आता चहा घ्या. सिलिंडर म्या केव्हाच खोलला."

*

शेठचे थोरले चिरंजीव किशोरभाऊ इंजिनीअर. ऐंशी सालानंतर कधीतरी ते परदेशातली नोकरी सोडून घरी आले, ते मोटारींच्या शर्यतीचं वेड घेऊनच. एक जुनी जीप घेतली, तिचं इंजिन नव्याने बांधलं. मग एक दिवस सुटकेस उघडून त्यांनी छोट्या सिलिंडरसारखी एक रिकामी निळी बाटली, दोन पाइप, दोन व्हॉल्व्ह आणि एक बटण बाहेर काढलं.

"हे काय हाये भाऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"नायट्रस. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात हुंगवतात ना, तो गॅस. नागपूरले भरून भेटते."

"मंग गाडीले कायले? तिचं कायचं ऑपरेशन हाये?"

भाऊ हसले, पण त्यांनी नीट समजावलं. बटण दाबलं की एका पाइपाने गॅस आणि दुसऱ्याने जादा पेट्रोल इंजिनात जातं; तिथे गॅस उष्णतेने फुटतो, त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो, जास्त पेट्रोल जळतं आणि गाडीला तेवढा वेळ दुप्पट जोर येतो. मिस्त्री ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे हा ऑक्सिजनचाच भाऊबंद. याच्याजवळ बी तेल चालणार नाही."

बाटलीसोबत इंग्रजी पुस्तिका होती. मिस्त्री चौथी शिकलेले. त्यांनी भाऊंना स्टुलावर बसवलं आणि आख्खी पुस्तिका मराठीत वाचून घेतली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा वाचताना भाऊ कंटाळले आणि त्यांनी मधली एक ओळ गाळली.

"भाऊ," मिस्त्री म्हणाले, "बाटली आस्ते आस्ते खोलाची, ते राह्यलं."

*

हिवाळ्यात जीप पळायला लागली. दर धावेनंतर भाऊ बाटलीचा मीटर बघायचे आणि खुशीत सांगायचे, "अजून भरलेलीच आहे."

मिस्त्रींना काही ते पटेना. ते शेजारच्या राइस मिलमधून धान मोजायचा काटा उचलून घेऊन आले. रिकाम्या बाटलीचं वजन त्यांनी आधीच खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. आता बाटली काट्यावर ठेवली, तर वजन जवळजवळ तेवढंच भरलं, म्हणजे गॅस संपत आला होता.

भाऊंनी मीटरवर टिचकी मारली. मीटरचा काटा जागचा हलला नाही. मग त्यांच्याच लक्षात आलं: आत गॅस दाबाने पाण्यासारखा पातळ होऊन बसलेला असतो. तो अगदी संपत येईपर्यंत दाब तेवढाच राहतो, आणि मीटर बिचारा दाबच सांगतो.

"मी इंजिनीअर आहे, मिस्त्री. हे माझ्या ध्यानात काहून नाही आलं?"

"तुमी मीटर पाहून राहिले होते," मिस्त्री म्हणाले. "म्या बाटली उचलून पाह्यली."

*

आमच्याकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. शेठ दुपारी गॅरेजच्या मोकळ्या ओसरीत आडवे व्हायचे. तिथे वाळ्याचा पडदा होता, त्यावर तासातासाला पाणी मारलं जायचं.

एका दुपारी शेठ जेवून आले, तर त्यांच्या बाजेच्या जागी निळी बाटली. अंगावर ओलं पोतं, भिंतीला साखळीने बांधलेली. बाज बाहेर आंब्याखाली.

"गजभिये, हे काय चाललं आहे?"

"शेठ, उन्हानं तिच्या आत दाब चढते. तुमाले घाम तरी येते, तिले येत नाही."

शेठ महिनाभर आंब्याखाली झोपले.

*

शर्यत नागपूरच्या पलीकडे एका माळावर होती. भाऊंचे मित्र आले होते, कोणी गळ्यात कॅमेरे अडकवून. बाटली उघडण्याआधी मिस्त्री दर वेळी एक गोष्ट करायचे. जादा पेट्रोलचा पाइप सोडवून काचेच्या ग्लासात धरायचे आणि बटण दाबायचे. गॅस आला आणि त्याच्याबरोबरचं पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळतो. त्या दिवशी ग्लासात नेहमीपेक्षा बारीक धार आली. पुन्हा दाबलं, तशीच.

"आज गॅस नाही," मिस्त्री म्हणाले.

भाऊंचा चेहरा उतरला. शर्यतीला वीस मिनिटं होती. पेट्रोलचा व्हॉल्व्ह खोलून बघायला वेळ नव्हता. मित्र बघत होते. "एवढ्याशा फरकानं काय होते? गाडी माझी आहे, मिस्त्री."

"गाडी तुमचीच हाये."

एवढं बोलून मिस्त्रींनी पट्टे सोडले, बाटली खांद्यावर घेतली आणि लांब पळसाखाली जाऊन बसले. जाताना मागे वळून पाहिलं नाही. भाऊ बाटलीशिवाय धावले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही तिघं होतो; मिस्त्री तुमसर येईपर्यंत बाटली मांडीवर धरून बसले होते. मला वाटलं, मिस्त्रींची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ सगळ्यांच्या आधी गॅरेजात आले होते. पेट्रोलचा व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः खोलला होता. आत मुगाएवढा रबराचा तुकडा अडकलेला निघाला. मिस्त्री आल्यावर भाऊंनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

मिस्त्रींनी तो उजेडात धरून पाहिला. मग विचारलं, "भाऊ, मले पळसाखालून दिसलं नाही. काल तुमी कितवे आले?"

"सातवा."

"गाड्या किती होत्या?"

"सात."

मिस्त्रींनी मान हलवली. "घरी तर आले."